कोरफडीचं कनेक्शन

वर कोरफडीचं नाव पाहून अर्ध्या लोकायचा हात केसाकडं गेला असंल, आन उरलेल्यायचा पोटाकडं. हात खाली घ्या. हे वाचून कोनाचे केस वाढणार नाहीत, कोनाचा चेहरा उजळणार नाही, आन सकाळच्या पोटाचं जे काय असंल ते ज्याचं त्यानं पाहा. मी काही वैद्य नाही. मी जानेफळले एका कृषी केंद्रात काउंटरवर होतो. गिऱ्हाईक आलं का खताची बॅग काढून द्याची, आन नाही आलं तं लोकायच्या नकला कराच्या. नकलेत माहा हात साफ आहे. सुलतानपूरच्या शाळेत होतो तवा मी हेडसरच्या आवाजात "घंटा दे रे" म्हणलं का शिपाई खरंच उठे.

तं जानेफळले मी ज्यायच्या घरी खोली करून राह्यलो, त्या काकाची ही गोष्ट. नाव सांगत नाही. जिवंत आहेत, चष्मा नवीन आहे, वाचतीन आन दुकानात येतीन.

काका लाइनमन होते. रिटायर झाले, पण ते कागदावर. पक्कड अजूनही कमरेले. रस्त्यानं चालतानी नजर खाली नाही, वर तारायवर. त्याच्यामुळं खड्ड्यात पाय पडे, आन खड्ड्यातून बाहेर येतानीही ते वरच पाहत. आवाज असा का शेजारच्या गल्लीतला माणूस 'ओ' देईन. सारी उमर खांबावर चढून खालच्या माणसाशी बोलले ना! समोर बसलेल्या माणसाशीही ते खांबावरूनच बोलत. आन एक सवय, कोनतीही गोष्ट दोन वेळा विचारत.

"जेवला काय बे?"

"जेवलो, काका."

"नक्की जेवला?"

काकू म्हणत का यायनं लग्नाच्या मांडवातही असंच केलं होतं. भटजीनं मंगळसूत्र हातात देलं तं यायनं मले विचारलं, पसंत हाय ना? नक्की पसंत हाय? काकू सांगत, "तवाच 'नक्की' म्हणाले नोको पायजे होतं."

या सवयीचं कारण काकाच्या उजव्या हातावर होतं. मनगटापासून कोपरालोक कातडी येगळ्या रंगाची, गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखी. जवानीत एकदा खांबावर चढले, खालून कोनीतरी सांगतलं लाइन बंद हाय. ती बंद नव्हती. मंग बरेच दिवस दवाखाना झाला. हात वाचला, पण कातडी अशी ताठ झाली का पक्कड धरता येईना. मंग काकाच्या आईनं रोज कोरफडीचा गर लावणं सुरू केलं, आन हळूहळू मूठ वळाले लागली. डॉक्टर म्हणे मलमानं झालं. काका म्हणत, "मलम होतंच ना बे, मी कुठी नाही म्हणतो? दोघायनं मिळून खांब उभा केला. पण फोटो एकट्याचाच काढला."

तवापासून काका कोरफडीचे झाले.

मी खोली पाहाले गेलो तवा अंगणात पाय ठेवाले जागा नव्हती. पेंटच्या डब्यात कोरफड, फुटक्या कुकरात कोरफड, कूलरच्या टपात कोरफड, एका जुन्या हेल्मेटात कोरफड, खांबावर तारा बांधाच्या चिनी मातीच्या फुटक्या कपात चिमणीएवढी कोरफड. मले वाटलं काका नाव विचारतीन, गाव विचारतीन. काकानं विचारलं, "झाडाले पाणी कवा देशीन?"

मी आपला हुशारीत, "रोज देईन, काका."

"खोली नाही," काका म्हणले आन आत चालले गेले.

काकूनंच मंग त्यायले बाहेर आणलं. "अहो, पोरगं राहाले आलं, झाड व्हाले नाही आलं!" तवा कुठी काकानं मले शिकवलं. बोट मातीत पार आतलोक घालाचं. कोरडं निघालं तं पाणी, वलं निघालं तं आपलं काम कराचं. डब्याले खालून भोक पायजे. ऊन सकाळचं पायजे, दुपारचं नोको. "पाणी म्हणजे लोड हाय बे. जास्त झाला का जळते."

"पण काका, पाण्यानं तं सडते."

"झाडाचं सडणं म्हणजेच जळणं. समजलं? नक्की समजलं?"

मले खोली भेटली, आन खोलीच्या खिडकीत एक डबा भेटला. काका म्हणले, "हे तुहं कनेक्शन."

हे कनेक्शनचं प्रकरण साऱ्या गावात होतं. काका कोनालेही कोरफड फुकट देत, पण देली म्हणून विसरत नसत. महिन्याच्या महिन्याले घरोघरी रीडिंग घ्याले जात. दारातूनच आवाज, "रीडिंऽऽग!" घरची बाई पदर सावरून बाजूले होये आन काका सरळ जाऊन डब्यात बोट घालत. माती कोरडी निघाली तं मान हलवत. वली निघाली तं कपाळावर आठी. आन चिखल निघाला तं डबा काखेत मारून चालू लागत. कनेक्शन कट. मंग त्या घरच्या माणसानं दोन-चार चकरा मारून, यापुढं असं होणार नाही म्हणून कबूल करा लागे, तवा डबा वापस भेटे.

कोरफडीच्या बुडाशी जी पिल्लं येतात, ती काकाले न सांगता कोनी उपटून नेली तं त्याले काका 'आकडा टाकला' म्हणत. तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यावर जेवढा राग, तेवढाच यायच्यावर. आमच्या दुकानाच्या मालकानं एक वेळा असाच आकडा टाकला. पिल्लू नाही, पानच तोडलं, आन कुठीतरी मोबाइलवर पाहून तसंच चावून खाल्लं. आता कोरफडीचं पान कापलं का त्यातून पिवळा चीक गळते, तो आधी पूर्ण निथळू द्या लागते. मालकाले हे कोन सांगन? त्या दिवशी मालक गल्ल्यावर कमी आन दुकानामागं जास्त होते. काका भेटाले आले. मले वाटलं विचारपूस करतीन. काका संडासाच्या दाराबाहेर उभं राहून म्हणले, "तो पिवळा चीक म्हणजे करंट हाय, शेठ. करंट न उतरवता कामाले हात लावला तुमी." आतून बादलीचा आवाज आला. "पुन्हा खासान? नक्की नाही?"

काकूचा या साऱ्याले विरोध होता, पण त्यायचीही एक कोरफड होती. ती दारावर, काळ्या दोऱ्यानं उलटी टांगलेली. मुळं वर, पानं खाली. घराले नजर लागू नये म्हणून. त्या एका कोरफडीवरून घरात रोज पेटे.

"ते झाड हाय का वटवाघूळ?" काका म्हणत.

"असू द्या. ना माती, ना पाणी, ना तुमचं बोट. तरी पाहा कशी हिरवीगार हाय!"

आन ते खरं होतं. काकाच्या अंगणातल्या कोरफडी लाडानं कवाकवा रुसत, पण काकूची उलटी लोंबकळून मजेत होती. काकाले हे लय लागे. एक दिवस काकू बाजारात गेल्या तवा स्टुलावर चढून ते तिले उतरवाले गेले, मातीत लावाले. काकू पैशाचं पाकीट विसरल्या म्हणून अर्ध्या रस्त्यातून वापस आल्या. लाइनमन माणूस, सारी उमर खांबावर काढली, पण त्या दिवशी स्टुलावरून उतरतानी पाय कापत होते.

मी काकाची नक्कल दुकानात रोज करो. आंगठा कमरेच्या पट्ट्यात, मान वर, आन आवाज खांबावरचा. "पित्त म्हणजे काय बे? व्होल्टेज वाढणं! डोकं दुखणं म्हणजे काय? लूज कनेक्शन! आन कोरफड म्हणजे अर्थिंग. जास्तीचं जे काय असंल ते जमिनीत!" लोकं युरिया घ्याले येत आन नक्कल पाहून जात. काकाले हे माहीत नव्हतं, असं मले वाटे.

आता मुद्द्यावर येतो. काकाची पोरगी, आमची ताई, मेहकरच्या एका दवाखान्यात नर्स. तिच्यासाठी एक वेळा पाहुणे येऊन गेले होते. सारं ठीक चाललं होतं. पोराच्या गालावर एक मोठी पुटकुळी होती, आन काकाची नजर तिच्यावरून हटत नव्हती. पोहे खाऊन पोरगा हात धुवाले उठला तं काकानं त्याले मोरीपाशीच गाठलं आन सोललेलं पान गालाले फासलं. पोरगा बैठकीत आला तो अर्धा चेहरा चमकत. त्याच्या आईनं विचारलं हे काय, तं काका म्हणले, "सुकू द्या. पुसलं तं गॅरंटी नाही." पाहुणे गेले ते गेलेच. निरोपही नाही.

यावेळेसचा पोरगा वडनेर भोलजीचा. औषधाच्या दुकानात होता, आन ताईच्याच पसंतीचा. ताईनं आईले साफ सांगतलं, "हे बिघडलं तं पुन्हा मले पोहे घेऊन बाहेर बोलावू नोको." ताई गमतीनं बोलणारी नव्हती. काकू तीन-चार दिवस नीट जेवल्या नाहीत.

पाहुणे याच्या आधी पोराच्या वडिलाचा फोन आला. काका रीडिंगले गेले होते आन मोबाइल घरी चार्जिंगले. काकूनं पाह्यलं, घाबरल्या, आन मोबाइल घेऊन सरळ माह्या खोलीत. "तू बोल. यायच्या आवाजात. हे बोलले का कोरफड सुरू होईन. झाडाचं नाव जरी निघालं तं नाही म्हणजो."

मी आंगठा कमरेले लावला. "हॅलोऽऽ! बोला!"

तिकडला माणूस मोठा गप्पिष्ट निघाला. पाऊसपाणी झालं, रस्ता झाला, मंग म्हणे, "एक विचाराचं होतं साहेब. आमच्या हिनं हौसेनं कोरफड लावली, पण तिचा लगदा होऊन राह्यला. तुमाले झाडापेडाचं काही समजते काय?"

मी काकूकडं पाह्यलं. काकू दोन्ही हातानं नाही-नाही करत होत्या.

"नाही बा," मी काकाच्या आवाजात म्हणलो. "मले झाडाचा नाद नाही. नक्की नाही."

"अस्सं," तो माणूस म्हणला. आवाज जरा पडलाच त्याचा.

पाहुणे याच्या दिवशी सकाळपासून आमी डबे उचलून माह्या खोलीत नेले. माह्या उशीवर हेल्मेट, खाटेवर कुकर, सतरंजीवर सारे चिनी मातीचे कप. अंगण असं मोकळं झालं का काका त्यात हरवल्यासारखे फिरत होते. काकूनं त्यायच्या हातात त्यायचीच पक्कड देली. "हिची शपथ घ्या. पाहुणे जाईलोक तोंडातून कोरफड निघणार नाही."

काकानं पक्कड छातीशी धरली. "नाही निघणार."

ताई म्हणली, "बाबा, नक्की?"

बापाले त्याचाच सवाल पोरीनं विचारला. काका खाली पाहून हळूच म्हणले, "नक्की." हळू बोलतानी मी त्यायले पहिल्यांदा ऐकलं.

पाहुणे आले. पोरगा, त्याची आई, त्याचे वडील. आन काका खुर्चीत असे बसले का जसा फ्यूज उडाला. विचारलं तं हो, नाही विचारलं तं चूप. पोराचे वडील इकडून तिकडून विषय काढून थकले. शेवटी घरच्या गोष्टीवर आले. "आमच्या हिले झाडायची लय हौस. कोरफड लावली ना, पितळेच्या घंगाळात."

काकाचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला. घंगाळाले भोक नसते.

"घंगाळ चांगलं जड हाय," पोराची आई म्हणली. "न्हाणीघरातच ठेवलं, अंधारात. उन्हानं काळं पडू नये म्हणून."

काकाच्या कपाळावर घाम आला. काकू सयपाकघराच्या दारातून डोळे वटारून पाहत होत्या. मी काकाच्या मागं उभा होतो, त्यायच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा ट्रान्सफॉर्मरसारखा गुणगुणत होता. तेवढ्यात ताई चहाचा ट्रे घेऊन आली आन पोराच्या वडिलापुढं वाकली.

"आन पाणी तं मी सोताच्या हातानं देतो," पोराची आई कौतुकानं म्हणली. "रोज सकाळ-संध्याकाळ. बादलीभर."

काका उठले. उठले म्हणजे उसळले. तोंड उघडं, शब्द नाही, दोन्ही हात हवेत. त्यातला एक हात ट्रेच्या खालून लागला आन उकळता चहा पोराच्या वडिलाच्या हातावर.

तो माणूस ओरडला. ताईनं ट्रे फेकला, त्याले धरून मोरीत नेलं आन नळाखाली हात धरला. नळ सोडला. पोरगा मागं धावला. पोराची आई, "अहो काय झालं, अहो काय झालं," करत. आन काका मधोमध उभे, तोंडाची उघडझाप, बोट माह्या खोलीकडं. पण शपथ! एक शब्द बाहेर निघत नव्हता. डोळ्यात पाणी आलं होतं माणसाच्या.

काकूनं ते पाह्यलं. मंग त्या दारापाशी गेल्या, टाचा उंच केल्या, आन सोताच्या त्या उलट्या टांगलेल्या कोरफडीचं सगळ्यात जाड पान कट्टकन मोडलं.

"बोला ना हो आता! तोंडाले काय टेप लावली?"

"तूच तं शपथ—"

"शपथ गेली चुलीत! बोला!"

मंग काका बोलले. माळवदावरची पाखरं उडाली असतील. "हात पाण्याखालून काढू नोका! बर्फ नोको! ताई, आंगठी काढ त्यायची, सूज येईन! ते पान आण इकडं!" काकू पान तसंच लावाले निघाल्या तं काकानं त्यायचं मनगट धरलं. "करंट उतरू दे." पान चहाच्या रिकाम्या गिलासात उभं केलं. थेंबथेंब पिवळा चीक गळाले लागला. सारे त्या गिलासाकडं पाहत होते, जसं निकाल लागून राह्यला. ताईनं हात नीट पाह्यला. लाल होता, फोड नव्हता, कातडी फाटली नव्हती. ती म्हणली, "आता लावा बाबा." काकानं पान धुतलं, सोललं, आन तो थंडगार गर आपल्या त्या इस्त्रीच्या हातानं त्या माणसाच्या हातावर असा ठेवला, जसं लेकरू झोपवून राह्यले.

"गार वाटते," पोराचे वडील म्हणले. मंग काकाच्या हाताकडं त्यायचं ध्यान गेलं. ते म्हणले, "पण साहेब, फोनवर तं तुमी म्हणले होते का झाडाचा नाद नाही?"

"कोनत्या फोनवर?" काका म्हणले.

काकू सयपाकघरात चालल्या गेल्या. ताईनं माह्याकडं पाह्यलं. मी छताकडं पाह्यलं. छताले पंखा होता, चांगला होता.

"नंतर," काका माह्याकडं न पाहता म्हणले.

त्यापुढं मंग जे झालं ते पाहाले पायजे होतं. माही खोली उघडली, डबे बाहेर आले, पोराची आई हेल्मेटातली कोरफड मांडीवर घेऊन बसली आन काकानं तिचं बोट धरून मातीत घालाले शिकवलं. ती म्हणे, "आमाले हे कोनी सांगतलंच नाही हो!" ताई आन तो पोरगा बैठकीत सांडलेला चहा पुसत होते. एवढा चहा काही सांडला नव्हता.

जातानी काकानं त्यायले कुकरातली कोरफड देली. गाडीत बसून पोराच्या वडिलानं पट्टी बांधलेला हात बाहेर काढला आन म्हणले, "येत्या रविवारी तुमी समदे आमच्या घरी या. घंगाळाची रीडिंग घ्याले."

ताई आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, आन त्यावर तिचंच हसणं.

गाडी वळली. काका दारात उभे होते. वर तारायकडं नाही, सरळ माह्याकडं पाहत होते.

"इकडं ये बे."

मी गेलो.

"माहा आवाज काढला, त्याचं मले काही नाही. साऱ्या गावात माहा आवाज निघते, तुह्यामुळं. मले काय माहीत नाही काय? युरियाच्या बॅगामागं उभं राहून दोन वेळा ऐकला मी. पण तू माह्या तोंडानं म्हणला का मले नाद नाही! हा हात पाह्यला? ही मूठ वळते ती कायनं वळते?"

"मीच सांगतलं होतं त्याले," काकू मागून म्हणल्या.

"तुह्याशी नंतर बोलतो."

"काय बोलता?"

"काही नाही."

"नक्की?"

"नक्की," काका म्हणले, आन पुन्हा माह्याकडं वळले. "आन त्या माणसाचं झाड मरून राह्यलं होतं. त्यानं खालून आवाज देला, मदत मांगतली. आन तू न पाहता, न विचारता सांगून टाकलं का लाइन बंद हाय. असं सांगा लागते काय बे? असंच सांगतलं होतं मले त्या दिवशी खालच्यानं!"

एवढ्या वेळात पहिल्यांदा मले कोनाचाच आवाज सुचला नाही.

काका माह्या खोलीत गेले आन खिडकीतला डबा काखेत मारून बाहेर आले. "कनेक्शन कट. आता हे सारे डबे उचल, ज्याचे त्याच्या जागेवर ठेव. कूलरचा टप आधी. आन पुन्हा माह्या आवाजात कोनाशी बोलला तं आधी मले विचारजो. समजलं?"

"समजलं, काका."

"नक्की समजलं?"

आता काय सांगू? मान आपोआप वर गेली, आंगठा कमरेले लागला, आन तोंडातून खांबावरून आल्यासारखं निघालं, "नक्कीऽऽ!"

काकू पदर तोंडात धरून आत गेल्या. काका हसले नाहीत. त्यायनं डबा खाली ठेवला, खुर्ची ओढली, तिच्यात नीट बसले, पक्कड मांडीवर ठेवली, आन म्हणले, "उभा राह्य. पहिल्यापासून सांगतो."